चोला चढवलेला ट्रॅक्टर

रघुवीर हे नाव मी उखाण्याखेरीज फारसं कधी घेतलं नाही, तेव्हा इथेही ‘हे’ असंच लिहीन. कुणाला खटकलं तर खटको.

आमच्या ह्यांना एक वाईट खोड होती. दिसेल त्या वस्तूचं झाकण उघडायचं आणि आत नाक घालायचं. कामावरून आले, हातपाय धुतले की पहिली धाड माझ्या चुलीवर. आमटी, भात, दूध, काही म्हणून सुटायचं नाही. भात वाफेवर असताना झाकण काढलं की वरची शितं कडक राहतात, हे मी नवी नवरी असताना सांगितलं, लेकुरवाळी झाल्यावर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा माझ्या माहेरी ते लोणच्याची बरणी उघडून वास घेताना आईला सापडले. नवा जावई बरणीत नाक खुपसून उभा! आईला वाटलं, लेक ह्याला जेवायला घालत नाही की काय.

पण तो खादाडपणा नव्हता. आत काय चाललंय ते त्यांना कळून घ्यायचं असे, बस्स. मिसरूड फुटायच्या आत ते होळकरांच्या मोटारखान्यात लागले होते. राज्य गेलं, मध्यभारत झाला, आणि तिथली बरीच माणसं सरकारी बसगाड्यांच्या कारखान्यात गेली, त्यांत हेही फिटर म्हणून गेले. गाडी बिघडली की बाकीचे पाना शोधत. हे आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालत, टाकीचं झाकण काढून तेलाचा वास घेत आणि मग ड्रायव्हरची उलटतपासणी सुरू करत. बंद पडली तेव्हा आवाज काय आला? चढावर होती का? त्याच्या आधी कुठे थांबला होतास? ड्रायव्हर वैतागून म्हणे, “रघुवीरजी, गाडी सुधारो ना, मेरी जनमपत्री क्यों देख रहे हो?”

गाडी चालू झाली तरी ह्यांचं समाधान नसे. जेवताना घास हातात धरून बसायचे. मी म्हणायची, “झाली ना चालू? मग जेवा की.” तर म्हणत, “चालू झाली, पण का झाली?” असल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. पण एक सांगते, कंटाळा कधी आला नाही.

जुनी इंदूरमध्ये मात्र ह्यांच्या हातगुणाची ख्याती होती. कुणाचं शिवणयंत्र अडलं, कुणाची पिठाची चक्की बसली, की बोलावणं आमच्याकडे. रघुवीररावांचा हात लागला की मेलेलं यंत्र उठतं, असं लोक म्हणत आणि मी पदर सावरून ऐकत असे. ह्यांना तो शब्द अजिबात आवडत नसे. “हातगुण म्हणजे काय? म्हणजे खरं कारण कुणाला कळलं नाही,” असं म्हणून ते विषय संपवत.

आता नानासाहेबांची गोष्ट. हे जहागीरदार. जहागीर सरकारजमा झाली आणि स्वतः कसण्यासाठी म्हणून राखलेली तेवढी जमीन उरली, ती भंवरकुआंच्या पुढे. आज तिथे पोरं परीक्षांचे क्लास करतात, तेव्हा नुसती काळी माती होती. आता आपणच शेतकरी, मग बैलांनी कशाला, ट्रॅक्टरनेच करू, अशा तोऱ्यात नानासाहेबांनी एका लिलावातून जुना विलायती डिझेल ट्रॅक्टर आणला. एकाच सिलेंडरचा होता. चालू झाला की असा दणदणायचा, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे.

तो चालवायला संताजी. संताजीचा आजोबा नानासाहेबांच्या आजोबांचा घोडा धरत असे. संताजीने होळकरी फौजेत लॉरी चालवलेली, पन्नाशीला आलेला, मोठ्या मिशांचा, शब्दाचा पक्का माणूस. ट्रॅक्टर हाताखाली आला तेव्हा म्हणे तो नव्या सुनेसारखा लाजला होता.

त्या वर्षी खंडेनवमीला नानासाहेबांच्या घरी तलवारींबरोबर ट्रॅक्टरचीही पूजा झाली. आमच्या माळव्यात देव म्हटला की चोला आलाच. तेलात कालवलेला शेंदूर थापायचा, वर चांदीचा वर्ख चिकटवायचा. जुना चोला कुणी खरवडत नाही, त्याच्यावरच नवा चढतो, म्हणून तर आमचे भैरवबाबा वर्षागणिक अंग धरत जातात. ट्रॅक्टरच्या बोनेटवर मधोमध डिझेलच्या टाकीचं झाकण होतं, गोल, फुगीर, थेट ओट्यावरच्या भैरवबाबासारखं. नानासाहेबांनी त्याच झाकणावर स्वतःच्या हाताने चोला चढवला, नारळ फोडला. पुढे दर शनिवारी संताजी नेमाने त्यावर नवा चोला चढवू लागला.

दिवाळी सरली आणि ट्रॅक्टरचं दुखणं सुरू झालं. सकाळी टाकी भरली की गडी ताजातवाना. काही तास नांगर ओढायचा, मग खोकल्यासारखे दोन-चार ठोके चुकवायचा आणि बंद. एकदा बंद पडला की हँडल फिरवून फिरवून खांदे निखळले तरी चालू व्हायचं नाव नाही. डिझेल इंजिनाच्या नळीत हवा शिरली की ते चालू होत नाही. मग नळीचा एक छोटा नट सैल करायचा, बुडबुडे निघून गेले आणि तेलाची नुसती धार लागली की आवळायचा. ह्याला हवा काढणं म्हणतात. जेवताना ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं.

संताजी हवा काढी. दोन थेंब पडायचे आणि थांबायचे. धार लागायचीच नाही.

मग नानासाहेब आमच्याकडे टांगा पाठवत. हे जायचे. प्रदक्षिणा घालायचे, वास घ्यायचे, नट सैल करायचे, की धार! हँडलचे दोन फेरे, की ठक्-ठक्-ठक्. नानासाहेब खूष, गडीमाणसं थक्क. दोन दिवसांनी पुन्हा टांगा दारात.

ह्यांनी काय काय करून पाहिलं! गाळणी साफ केली, नळी बदलली, नटाखालच्या चकत्या बदलल्या, पंप उघडून टेबलावर मांडला. कारण सापडेना. मी म्हटलं, “तुम्ही गेलात की चालू होतो ना? मग झालं.”

तर माझ्यावर खेकसले. “तेच तर! मी हात लावला की चालू होतो. बंद ट्रॅक्टर मला बघायलाच मिळत नाही. रोगी वैद्यासमोर टुणटुणीत, वैद्याने करायचं काय?”

अशातच एका शनिवारी संध्याकाळी संताजी दारात उभा राहिला. चालत आला होता. हे अजून कामावरून यायचे होते. मी चहा दिला, तो त्याने हातातच धरून ठेवला.

“वहिनीसाहेब, एक अर्ज आहे. भियांना सांगा, उद्या टांगा आला तर येऊ नका.” ह्यांना तो भिया, म्हणजे भाऊ, म्हणत असे.

माझं डोकं सणकलं. “का हो? ते तुमचं काम करायला येतात, सुटीच्या दिवशीसुद्धा, धुरात. आणि तुम्ही म्हणता येऊ नका?”

“नाराज मत होओ वहिनी. भिया देवमाणूस आहेत. पण ते येतात अन् मी खोटा पडतो.” त्याने कप खाली ठेवला. “मी म्हणतो तेल येत नाही. भिया नट सोडतात अन् धार लागते. सरकार म्हणतात, संताजी, तू नट सोडतच नाहीस. कामचोर आहेस, झूठ बोलतोस. कालच सर्वांसमोर बोलले. देवासचा एक ड्रायव्हर सोमवारी येणार. मला जामफळाच्या बागेवर पाखरं हाकायला बसवणार.”

“मग तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलू? बागेवर बसवा, काई नी, चालेल. पण आमच्या तीन पिढ्यांनी त्यांचं मीठ खाल्लं. माझ्या बापाला त्यांच्या घरात कोणी झूठा नाही म्हटलं कधी.”

एवढा मोठा मिशाळ माणूस, त्याचा आवाज फाटला. ज्या हातगुणाचं मी कौतुक ऐकत बसायची, तोच ह्या माणसाच्या गळ्याला फास झाला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तेवढ्यात हे आले. संताजीला पाहून “अरे, आलास का” म्हणाले, हातपाय धुतले, आणि सरळ चुलीकडे जाऊन भाताचं झाकण उचललं.

मी आधीच पेटलेली. “ठेवा ते झाकण खाली! एक दिवस तरी ते वास घेणं सोडा. तिथे शेतावरही हेच करत असाल. आल्या आल्या झाकण उघडलं की नाक आत!”

“तिथेही आधी तेच करतो,” हे म्हणाले, आणि झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. वाफ तोंडावर येत होती, तरी हलेनात. मला वाटलं, जास्तच बोलले की काय.

मग ते हळूच वळले. “संताजी, हवा काढताना तू टाकीचं झाकण उघडतोस?”

“नाही भिया.”

“कधीच नाही?”

“सकाळी तेल भरताना. आंघोळ करून, अनवाणी. दिवसा कसं उघडणार? चोला आहे त्याच्यावर. पायात जोडा, तोंडात बिडी, असा हात लावू का बाबाला?”

“त्या झाकणाला वर एक बारीक भोक होतं. सुई जाईल एवढं. कुठंय ते?”

“असेल. शेंदराच्या खाली असेल.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फळीवरचा गोडेतेलाचा डबा उतरवला. डब्याला मी दोन भोकं पाडलेली असतात, सगळ्याच बायका पाडतात. ह्यांनी एका भोकावर अंगठा दाबला आणि डबा वाडग्यावर आडवा केला. तेल गुळगुळ करत थोडंसं पडलं आणि अडलं. अंगठा उचलला, धार लागली.

“टाकीतलं तेल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यायला हवी,” हे म्हणाले. “भोक बंद असेल तर टाकी तेल सोडत नाही. इंजिन उपाशी मरतं. तू नट सोडलास तरी तेल येणार कुठून? आणि मी गाढव, येतो तो आधी झाकण उघडतो. हवा आत जाते. मग माझ्या हाताला धार नाही लागणार तर काय?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. शेतावरून आले की ह्यांची बोटं केशरी असायची. शर्टाला ते डाग, पोळीला ते डाग. मी साबणाने घासघासून त्यांच्या नावाने बोटं मोडायची, पण बोटं केशरी का, हे जगाला ‘का’ विचारणाऱ्या ह्या माणसाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. शेंदूर तो, असायचाच.

संताजीचा चेहरा मात्र उतरला. “म्हणजे गुन्हा माझाच. मीच तर चढवतो दर शनिवारी. भिया, सरकारांना सांगू नका. झूठा तर होतोच, आता बेअक्कलही होईन.”

“सांगावं तर लागेल,” हे म्हणाले. “पण नुसतं सांगून नानासाहेब ऐकायचे नाहीत. त्यांना दिसलं पाहिजे. उद्या सकाळी नेहमीसारखं तेल भर आणि काम कर. बंद पडला की झाकणाला हात लावू नकोस. मी येतो.”

“मीही येते,” मी म्हटलं. ह्यांनी ‘का’ विचारलं नाही, हे नशीबच.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या सुमाराला आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर नुकताच बंद पडलेला होता. नानासाहेब छत्री घेऊन बांधावर उभे. गडीमाणसं काम सोडून जमलेली. ह्यांची जादू बघायला ती नेहमीच जमत. मी आंब्याखाली उभी राहिले.

हे पुढे झाले, प्रदक्षिणा घातली. झाकणाजवळ पोचले तसा त्यांचा हात सवयीने वर गेला. पण लगेच हात अर्ध्यावरून खाली आला. त्यांनी नट सैल केला. दोन थेंब. मग काही नाही. तरी त्यांनी नट आवळला, हँडल लावलं आणि फिरवायला लागले. फिरवताहेत, फिरवताहेत. ट्रॅक्टर ढिम्म. शर्ट पाठीला चिकटला. गडी एकमेकांकडे बघायला लागले, मागे कुणीतरी फिसकन हसलं. इतकी वर्षं ज्या हाताचं कौतुक ऐकलं, तो हात सगळ्यांसमोर हरताना बघणं मला जड गेलं. मला माहीत होतं, ते मुद्दाम हरताहेत. तरीसुद्धा माझे कान तापले.

नानासाहेब म्हणाले, “काय रघुवीरराव? आज हातगुण घरी ठेवून आलात का?”

हे धापा टाकत म्हणाले, “तो कधी नव्हताच, नानासाहेब. दोन थेंबांवर तेल थांबतं, पाहिलंत ना? संताजी रोज हेच सांगत होता.” मग वळून म्हणाले, “संताजी, जोडा काढ. झाकण तू उघड.”

संताजीने जोडा काढला. हात जोडले. मग दोन्ही हातांनी झाकण फिरवलं, तशी टाकीने जोरात श्वास घेतला. स्स्स! मला आंब्याखाली ऐकू आलं. ह्यांनी नुसतं बोट दाखवलं. संताजीने नट सैल केला, आणि त्याच्या हाताखाली डिझेलची सणसणीत धार लागली. नट आवळून त्याने हँडल फिरवलं. एक फेरा, दुसरा, आणि ठक्-ठक्-ठक्, मागचे बगळे उडाले.

नानासाहेबांच्या कानाशी लागून ह्यांनी सगळं सांगितलं. काय सांगितलं ते आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण हातवारे कळत होते. झाकण नानासाहेबांच्या हातात दिलं. नानासाहेबांनी नखाने शेंदूर खरवडला. एक थर, त्याखाली वर्ख, पुन्हा थर. खरवडता खरवडता अगदी तळचा थर आला, आणि ते थांबले. तो कुणी चढवला होता, ते सगळ्या शेताला ठाऊक होतं. ह्यांनी माझ्याकडे हात केला, मी अंबाड्यातला आकडा काढून दिला, आणि त्याने ते बारीक भोक मोकळं झालं.

झाकण परत जागेवर बसलं. नानासाहेबांनी केशरी बोटं धोतराला पुसली आणि संताजीला ट्रॅक्टरवर बसायची खूण केली. झालं गेलं, लाग कामाला.

संताजी बसला नाही. तसाच अनवाणी नांगरटीत उभा राहिला. काहीतरी म्हणाला, ते इंजिनाच्या दणदणाटात बुडालं. पण ओठ मला वाचता आले. “सरकार, मी खोटं बोललो नव्हतो.”

नानासाहेबांनी मान हलवली आणि तेही काही पुटपुटले. काय ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मला वाटतं, आवाज आहे हे त्यांनाही बरंच वाटलं असावं.

संताजीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तो पुढे झाला आणि दांडी ओढून इंजिन बंद केलं.

गडी “अरे अरे” करून ओरडले. गेला महिनाभर चालू इंजिन बंद करायची कुणाची छाती नव्हती, जेवायला गेले तरी ते चालूच ठेवून जात. ह्यांचासुद्धा हात अर्धवट पुढे गेला. पण इंजिन दोन-तीन ठोके देऊन थांबलं आणि सगळ्या शेतावर शांतता पसरली. लांबच्या रस्त्यावर एका बैलगाडीची चाकं कुरकुरत होती, तीही ऐकू येत होती.

“आता बोला, सरकार,” संताजी म्हणाला.

नानासाहेबांचा चेहरा लाल झाला. आता हा माणूस संताजीला हाकलून देतो असं मला वाटलं. त्यांनी छत्री मिटली. सगळ्या गड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“संताजी खोटं बोलला नव्हता,” ते म्हणाले. मग जरा थांबून, आणखी मोठ्याने, “मी त्याला खोटा म्हटलं. माझं चुकलं.”

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही. संताजीने वाकून नानासाहेबांना मुजरा केला, जोडा पायात चढवला, हँडल लावलं आणि एका फेऱ्यात ट्रॅक्टर चालू केला.